घाईघाईनं येऊन राह्यलो!

इंग्रजीच्या पेपरात भाषांतराला हमखास येणारे एक वाक्य आहे: ‘ही हरीडली लेफ्ट द हाउस.’ गाइडमध्ये त्याचे उत्तर छापलेले असते, ‘तो घाईघाईने घरातून निघून गेला.’ दोन मार्क मिळतात आणि विषय संपतो. वऱ्हाडात मात्र तो तिथून सुरू होतो. अमरावती-अकोल्याकडच्या एखाद्या शाळेत हे वाक्य फळ्यावर पडले, की मागच्या बाकावरून उत्तर येऊ शकते, ‘तो घाईघाईनं घरातून निंगून राह्यला.’ मास्तर साताऱ्या-सांगलीकडून बदलून आलेले असतील, तर खडू हातातच राहतो.

‘अरे, निघाला की राहिला? एक काय ते ठरव.’

‘निंगून राह्यला ना सर. जाईन आता.’

वर्गाला त्यात काही वावगे दिसत नाही. पोराने काळ चुकवला हे खरे, पण व्याकरण त्याच्या घरचे आहे. चालू काळासाठी वऱ्हाडी माणूस ‘राहणे’ हे क्रियापद वापरतो: करून राह्यलो, जेवून राह्यलो, पाहून राह्यलो. पुण्याच्या कानाला ‘राहिलो’ म्हणजे मुक्काम ठोकला असे वाटते. त्यामुळे ‘पळून राह्यलो’ हे वाक्य तिकडे अर्धे धावते आणि अर्धे बसून राहते. बिचाऱ्या ‘हरीडली’ने अशा क्रियापदाबरोबर संसार करायचा कसा?

हा संसार पाहायचा तर बडनेऱ्याच्या फलाटावर उभे राहावे. अमरावती शहरापासून बडनेरा साधारण 10 किलोमीटर. मुंबईकडे जाणाऱ्या बऱ्याच गाड्या अमरावतीत न येता बडनेऱ्यावरूनच पुढे जातात. एक मित्र दोन बॅगा आणि दोन तिकिटे घेऊन फलाटावर उभा असतो. दुसरा घरी.

‘कुठी हायस बे?’

‘येऊन राह्यलो ना.’

‘अबे, गाडीनं चांदूर सोडलं!’

‘मंग? म्या बी घर सोडलंच समज.’

मागून बादलीत मग बुडाल्याचा आवाज येतो. त्यावरून ‘सोडलंच समज’ या शब्दप्रयोगातल्या ‘समज’चे वजन कळते. फलाटावरचा मित्र चिडत नाही. काल त्याने स्वतः कोणाला तरी हेच सांगितलेले असते.

आता मुळात या इंग्रजी शब्दाकडे वळू. ‘हरीडली’चा अर्थ घाईघाईने, हे कोणताही कोश सांगेल. त्याचा एक चुलतभाऊ आहे, ‘हेस्टिली’. दोघे सारखेच दिसतात, पण ‘हेस्टिली’त दोषाचा वास आहे. हरीडली सही केली म्हणजे गाडी पकडायची होती, हेस्टिली सही केली म्हणजे कागद वाचला नव्हता. इंग्रजीची सोय अशी की हा एकच शब्द कोणत्याही क्रियापदाला चिकटवता येतो. हरीडली खा, हरीडली प्या, हरीडली चाला, हरीडली लिहा. शाळेच्या गणवेशासारखा, सगळ्यांना एकच माप.

मराठीला हे माप बसत नाही. मराठी माणूस झपाझप चालतो, गपागप खातो, घटाघटा पितो, भराभर लिहितो, धडाधड जिने उतरतो, चटकन उठतो आणि पटकन विसरतो. यातले बरेचसे शब्द शेजाऱ्याच्या घरी जात नाहीत. ‘तो गपागप चालला’ म्हटले तर तो रस्ताच खात चाललाय असे वाटते. ‘तिने झपाझप पाणी प्यायले’ म्हणणाऱ्याला पाणी नको, डॉक्टर दाखवावा. घाईला मराठीत आवाज आहे, आणि प्रत्येक कामाच्या घाईचा आवाज वेगळा. कोशात त्या सगळ्यांसमोर एकच ‘हरीडली’ लिहून ठेवणाऱ्याने कधी पंगतीत बसून वरण-भात खाल्ला नसावा.

शिवाय घाईची प्रतवारी आहे. सून ‘लगबगीने’ उठली तर कौतुक, ‘घाईघाईने’ उठली तर नुसती बातमी, ‘तडकाफडकी’ उठली तर भांडण. राजकारणात तर हेच शब्द पक्ष पाहून वाटले जातात. सरकारी पक्षाच्या पत्रकात निर्णय ‘तातडीने’ घेतला जातो, विरोधकांच्या पत्रकात तोच निर्णय त्याच दिवशी ‘घिसाडघाईने’ घेतलेला असतो. पंचनामे ‘युद्धपातळीवर’ सुरू होतात. हा शब्द वाचून गावाबाहेर रणगाडे आले की काय म्हणून पाहायला जावे, तर चिंचेखाली एक तलाठी आणि एक कोतवाल बसलेले दिसतात, आणि पेनातली शाई संपलेली असते. सरकारी पत्रांच्या माथ्यावर ‘तात्काळ’ असते. ते पुरेनासे झाले म्हणून ‘अतितात्काळ’ आले. पुढचा शब्द अजून निघायचा आहे, बहुधा समिती नेमली असेल.

बोलण्यात मात्र हे सगळे शब्द बाजूला पडून एकट्या ‘अर्जंट’ने गादी बळकावली आहे. इंग्रजीत तो विशेषण, पण वऱ्हाडात त्याला बढती मिळून तो क्रियाविशेषण झाला: ‘अर्जंट ये’, ‘अर्जंट पाठव’, ‘अर्जंटमधी करून दे’. त्याची ही ऐट तारेच्या जमान्यातली असावी. तार म्हणजे शब्दागणिक पैसे, त्यामुळे कमीत कमी शब्दांत जास्तीत जास्त घबराट पोहोचवायची. ‘फादर सीरियस, स्टार्ट इमिजिएटली’ एवढे चार इंग्रजी शब्द ज्यांना एरवी इंग्रजीचे अक्षर कळत नव्हते त्यांनाही पाठ होते. पोस्टमन दारात सायकल टेकवायचा आणि आत रडणे सुरू व्हायचे, मग तारेत बदलीचा हुकूम का असेना. 14 जुलै 2013 हा देशातल्या तारसेवेचा शेवटचा दिवस ठरला. इंग्रजांनीही हे प्रकार केलेले आहेत. सोळाव्या शतकात इंग्लंडमध्ये तातडीच्या पत्रावर ‘हेस्ट, पोस्ट, हेस्ट’ असे लिहीत, म्हणजे ‘पळ रे टपाल्या, पळ’. काही पत्रांवर शेजारी फाशीचा खांब काढलेला असे, हरकाऱ्याने वाटेत टंगळमंगळ केली तर पुढे काय होईल ते कळावे म्हणून. त्यातूनच ‘पोस्टहेस्ट’ हा शब्द इंग्रजीत रुळला. आपल्याकडे पार्सलवर ‘अर्जंट’ लिहून खाली दोन रेघा ओढतात. फाशीचा खांब काढायची पद्धत इकडे आली नाही, हे आपल्या कुरिअरवाल्या पोरांचे नशीब.

तर, अशा या मुलखात एकदा खरोखरची घाई झाली. साधीसुधी नाही, गिनीज बुकाने नोंद घ्यावी अशी.

अमरावती ते अकोला हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 53 चा तुकडा. त्याचे चौपदरीकरण वर्षानुवर्षे रेंगाळले होते. अमरावतीहून अकोल्याला निघालेला माणूस अंतर किलोमीटरमध्ये सांगत नसे, कमरेच्या पट्ट्यावर सांगे. एसटीत मागच्या सीटवर बसण्याची हिंमत फक्त नवी लग्न झालेली जोडपी आणि बोरगाव मंजूला उतरणारे पैलवान करत. आणि मग याच रस्त्यावर 3 जून 2022 रोजी सकाळी 7 वाजून 27 मिनिटांनी काम सुरू झाले. लग्नपत्रिकेतला वाटावा असा हा मुहूर्त. फरक इतकाच की त्या मिनिटाला खरेच काहीतरी सुरू झाले.

ते थांबले 7 जूनला संध्याकाळी 5 वाजता. मध्ये 105 तास 33 मिनिटे गेली. अमरावती जिल्ह्यातले लोणी आणि अकोला जिल्ह्यातले माना या गावांदरम्यान 75 किलोमीटर डांबरी थर सलग अंथरला गेला होता. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा प्रकल्प, राजपथ इन्फ्राकॉन ही कंपनी, आणि रात्रंदिवस राबणारी 720 माणसे. 36,634 टन मिश्रण लागले, त्यात 2,070 टन नुसते डांबर. आधीचा विक्रम कतारच्या नावावर होता: दोहा इथे फेब्रुवारी 2019 मध्ये पूर्ण झालेला 25.275 किलोमीटरचा रस्ता, आणि त्याला 10 दिवस लागले होते. 8 जूनला नितीन गडकरींनी गिनीज विक्रमाची घोषणा केली. लोणीच्या टपरीवर चहा पिता पिता कतारला हरवल्याचा आनंद फार मोठा असतो. कतार नकाशात कुठे आहे हे ठाऊक नसले तरी तो कमी होत नाही.

आता टपरीवर आनंद आला की गणितही येते. लोणीहून मान्यापर्यंत गेलेल्या माणसाने गाडीचा आकडा पाहिला. 75 काही भरेनात.

‘अर्धेच भरून राह्यले भाऊ.’

‘अर्धेच भरतीन ना. एकाच पट्टीचे मोजले त्याहीनं.’

हेच बरोबर होते. 75 किलोमीटर ही एका लेनची लांबी. दोन पदरी रस्ता धरला तर ती 37.5 किलोमीटर होते, आणि हे सरकारी पत्रकातही स्पष्ट लिहिलेले होते. पत्रक शेवटपर्यंत वाचण्याइतका वेळ फक्त ज्यांना घाई नाही त्यांना असतो, म्हणून ही गोष्ट टपरीवर आधी कळली.

दुसरे गणित त्याहून मजेचे. 75 किलोमीटर भागिले 105 तास 33 मिनिटे केले, तर ताशी साधारण 710 मीटर येतात. मिनिटाला 12 मीटरही नाही. या वेगाने निघालेल्या विक्रमाला काठी टेकत देवळात जाणारी आजी सहज मागे टाकेल, आणि बैलगाडीवाला तर बैलांना हाकायचे सोडून झोपला तरी पुढे जाईल. म्हणजे जगातली एक विक्रमी घाई प्रत्यक्षात पाहणाऱ्याला कशी दिसत असेल? पेव्हर यंत्र शांतपणे सरकते आहे, पुढून टिप्पर त्यात मिश्रण ओततो आहे, मागून रोलर फिरतो आहे. पळापळ कुठेच नाही. पळापळ होती ती डांबराच्या पोटात. गरम मिश्रण प्लांटमधून निघाले, की निवायच्या आत रस्त्यावर पसरून दाबले पाहिजे. एक टिप्पर वाटेत अडकला, तर पुढचा पेव्हर उभा राहतो आणि सलग कामाची साखळी तुटते. मिनिटाला जवळपास 6 टन माल अखंड येत राहायला हवा, साडेचार दिवस, तेही जूनच्या पहिल्या आठवड्यातल्या वऱ्हाडी उन्हात, जेव्हा गावातली कुत्रीसुद्धा नालीतून उठत नाहीत. ‘हरीडली’ म्हणावे तर वेग ताशी पाऊण किलोमीटर, ‘स्लोली’ म्हणावे तर गिनीज बुक रागावेल. मिश्रणाचा टिप्पर वेळेवर आणून उभा करणाऱ्या ड्रायव्हरला यातला कोणता शब्द चालला असता, हे त्याला विचारायला हवे होते. त्याला तेवढा वेळ नव्हता.

मान्याच्या पुढे मूर्तिजापूर लागते, आणि तिथे या सगळ्याची थोरली आत्या राहते. शकुंतला. यवतमाळ ते मूर्तिजापूर आणि मूर्तिजापूर ते अचलपूर अशी अडीच फुटी नॅरोगेजवर धावणारी, नव्हे चालणारी, रेल्वे. वऱ्हाडातला कापूस मुंबईमार्गे मँचेस्टरला जावा म्हणून एका ब्रिटिश कंपनीने गेल्या शतकाच्या सुरुवातीला ती बांधली. देशातल्या रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले, त्यातून ही पोर सुटली ती सुटलीच. मालकी कंपनीची, गाडी चालवायची भारतीय रेल्वेने. 1921 साली मँचेस्टरला घडलेले वाफेचे इंजिन 1923 पासून तिला ओढत होते. ते 15 एप्रिल 1994 रोजी निवृत्त झाले आणि डिझेल आले. सत्तर वर्षांहून अधिक नोकरी करून निवृत्त होणारा कर्मचारी वऱ्हाडात दुसरा नसेल.

मूर्तिजापूर-अचलपूर हे साधारण 76 किलोमीटर ती चार तासांच्या आसपास कापायची. सगळ्या मार्गावर मोजून सात कर्मचारी. तिकीट फाडणारा तोच, सिग्नल पाहणारा तोच, डबे जोडणाराही तोच. फाटक आले की गाडी थांबायची, गाडीतलाच माणूस उतरून फाटक लावायचा, गाडी पलीकडे जायची, माणूस फाटक उघडून पुन्हा गाडीत चढायचा. म्हणजे सगळ्या जगात फाटकाशी माणसे गाडीसाठी थांबतात, इथे गाडी फाटकासाठी थांबे. तिला कोणी कधी ‘लवकर चाल’ म्हटले नाही. कारण तिच्यात बसणाऱ्याला घाई नसायची, आणि घाई असणारा तिच्यात बसायचा नाही. रस्त्याच्या विक्रमाला लागलेल्या 105 तासांत शकुंतला न थांबता चालत राहिली असती, तर तिच्या मूर्तिजापूर-अचलपूर अशा तेरा फेऱ्या झाल्या असत्या, जाऊन येऊन. गिनीजवाले मात्र कधी तिच्या दाराशी आले नाहीत. आता काही वर्षांपासून ती बंद आहे आणि तिचे ब्रॉडगेज व्हावे म्हणून निवेदने दिली जातात, अर्थात तातडीने कार्यवाही व्हावी अशी विनंती करून.

विक्रमाचा रस्ता 7 जूनला पुरा झाला, यात आणखी एक गंमत होती. 7 जून म्हणजे मृग. वऱ्हाडात मिरग. त्या दिवशी संध्याकाळी पाचला रस्त्यावरची घाई संपली आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या वावरांत दुसरी सुरू झाली. खरी घाई कोणती असते हे वावरातच पाहावे. एक सर पडली, मातीचा वास आला, की अख्खे गाव बियाण्याच्या दुकानापुढे. काही जण तर तेवढीही वाट पाहत नाहीत, कोरड्या जमिनीतच कपाशी टोबतात. ती धूळपेरणी. पाऊस वेळेवर आला तर त्याच्यासारखा हुशार नाही, नाही आला तर दुबार पेरणी आणि दुकानदाराकडे पुन्हा उधारी. अकोल्याला 1969 पासून डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे. पेरणीची घाई करू नका, 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊ द्या, हा सल्ला दर जूनमध्ये दिला जातो. आकाशवाणीवर, पेपरात, आता मोबाइलवर. शेतकरी तो नीट ऐकतो, मान डोलावतो आणि शेजाऱ्याच्या वावराकडे पाहतो. तिथे तिफण चालू असली, की सल्ला बांधावर राहतो.

‘कायले घाई करून राह्यला गा? विद्यापीठानं नाही म्हटलं ना.’

‘विद्यापीठाचं वावर विद्यापीठाजोळ. माह्या वावरात माह्या नशिबाचा पाऊस पडन.’

या घाईला ‘हरीडली’ म्हणायचे की ‘हेस्टिली’, हे पेरताना कळत नाही. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात कळते.

एका घाईचा मान मात्र वऱ्हाडाकडून कोणी हिरावून घेऊ शकत नाही. अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीच्या काठी कौंडण्यपूर आहे, रुक्मिणीचे माहेर. शिशुपालाशी लग्न ठरलेले, मांडव घातलेला, पाहुणे आलेले, आणि मुलीने परस्पर द्वारकेला पत्र धाडलेले. अमरावतीचे लोक सांगतात की अंबादेवीच्या दर्शनाला आलेल्या रुक्मिणीला श्रीकृष्णाने इथूनच रथात घेतले. कौंडण्यपूरचे लोक आपली बाजू सांगतात, तो वाद आपण मिटवू नये. मुद्दा एवढाच की वऱ्हाडातल्या लग्नात वेळेवर आलेला एकमेव नवरदेव म्हणून श्रीकृष्णाचे नाव घ्यावे लागेल, आणि तोही पत्रिकेतला नव्हता. पत्रिकेतला शिशुपाल मिरवणुकीतच असावा. माहेरची माणसे अजून त्या घाईची भरपाई करतात. रथातून भुर्रकन गेलेल्या लेकीची पालखी दरवर्षी कौंडण्यपुराहून पंढरपूरला जाते ती पायी, मुक्काम करत करत, महिनाभर.

प्रदेशाचे नाव वऱ्हाड आणि लग्नाच्या पाहुण्यांनाही वऱ्हाडच म्हणतात. त्यामुळे घाईला ‘लगीनघाई’ हा शब्द कुठे शोभायचा तर इथे. तो पेपरात शोभतो, दर निवडणुकीच्या मथळ्यात. प्रत्यक्ष लग्नात पत्रिकेवर 12 वाजून 17 मिनिटांचा मुहूर्त असतो आणि 12 वाजून 17 मिनिटांनी नवरदेव चौकात घोड्यावर असतो, पुढे मामा नाचत असतो, बँडवाल्याने तेच गाणे चौथ्यांदा धरलेले असते. मुलीचे वडील टोपी काढून पुन्हा घालतात. गुरुजी घड्याळाकडे पाहतात, मग पंचांगाकडे, मग दक्षिणेच्या ताटाकडे, आणि पंचांगात आणखी एक मुहूर्त सापडतो. मांडवात शिरल्यावर मात्र अक्षतांची एवढी गर्दी होते की मंगलाष्टके दुसऱ्या कडव्यातच संपल्यासारखी वाटतात, कारण अर्धा मांडव उठून पंगतीकडे निघालेला असतो. झपाझप.

आणि पंगत. वरण, रोडगे, वांग्याची भाजी. वाढपी हातात बादली घेऊन दोन रांगांमधून पळत सुटतो, ‘वरण, वरण, वरण’ म्हणत, आणि ‘वाढ’ म्हणायच्या आत पुढच्या पानावर पोहोचतो. बसलेल्यांच्या मागे पुढची पंगत उभी असते. अगदी पाठीशी, गुडघा खांद्याला लागेल इतकी. लहान पोरांनी कोणाच्या मागे उभे राहायचे ते आधीच वाटून घेतलेले असते, रुमाल तयार असतो. त्या गर्दीतून यजमान हात जोडून फिरत असतात आणि प्रत्येक पानाशी वाकून म्हणतात, ‘होऊ द्या सावकाश, होऊ द्या सावकाश.’ म्हणतात सावकाश, पण स्वतः एवढ्या भराभर म्हणतात की चार पानांना मिळून एकच ‘सावकाश’ येतो.

रांगेच्या टोकाला एक आबाजी बसलेले. धोतर नीट सावरलेले, रोडगा कुस्करून त्यावर वरणाचे आळे केलेले, तूप अजून यायचे आहे. मागे उभा असलेला पोरगा आधी या पायावर, मग त्या पायावर भार देतो. शेवटी वाकून विचारतो,

‘झालं का आबाजी?’

आबाजी मान वळवत नाहीत. घास तोंडात फिरवून, गिळून, पाण्याचा एक घोट घेऊन म्हणतात,

‘होऊन राह्यलं ना बाप्पा.’

आणि वाढप्याला हाक मारतात, ‘ये बापू, अखीन एक रोडगा टाक बरं इथी. अर्जंट.’